आडात आहे, मग नळात का नाही?

आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, अशी आपली म्हण आहे. पण आडात भरपूर पाणी असून नळात येत नाही, अशी घरेही कमी नाहीत. तेव्हा दोष आडाचा नसतो, आणि पुष्कळदा मोटारीचाही नसतो.

माझी थोरली बहीण बालाघाटला दिली आहे. वैनगंगेकाठचे हे मध्य प्रदेशातले गाव आपल्यापासून दूर, पण नाते जवळचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली तेव्हा बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात आले. बालाघाट मात्र मध्य प्रदेशातच राहिले. त्यामुळे ताईच्या घरी बाहेर हिंदी, आत मराठी आणि शेजारी पोवारी, असा कारभार असतो. आपल्याकडे कन्नड-मराठीचा असतो, तसाच.

ताईचे घर कौलारू आहे. कौलांवर पाण्याची टाकी ठेवता येत नाही. म्हणून अंगणातल्या विहिरीवर मोटार आणि तिच्याशेजारी एक छोटी लोखंडी प्रेशर टाकी आहे. नळ उघडला की पाणी जोरात येते. पण दीड वर्षात दोनदा मोटार जळाली. दुरुस्तीवाल्याने दोन्ही वेळा एकच निदान केले, "व्होल्टेजचा खेळ आहे, मोटार बदला." खर्च झाला तो झालाच, पण मोटार बंद असलेल्या दिवसांत ताईच्या सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई रहाटावरून घागरी ओढत होत्या. "सुनेला कॉलेजात जायचं असतं, मग कोण ओढणार?" त्या म्हणाल्या. दाजींना ते फार लागले.

मी सुट्टीत तिथे गेलो तेव्हा नवी मोटारही सारखी चालू-बंद होत होती. तांब्याभर पाणी घेतले तरी खट्‌ आवाज होऊन चालू, नळ बंद करताच पुन्हा खट्‌. शेवटी शेजारचे एक काका आले. भरवेलीच्या मँगनीज खाणीत त्यांनी फिटर म्हणून उमर काढलेली. त्यांनी मोटारीला हातही लावला नाही. टाकीवरचे छोटे टोपण काढले, आत सायकलच्या ट्यूबला असतो तसा व्हॉल्व्ह होता, त्याची पिन नखाने दाबली. हवा यायला हवी होती, पाण्याची चिळकांडी उडाली. काका म्हणाले, "रबर फाटलंय. मोटार बिचारी उगाच बदनाम."

वाचकहो, या टाकीत पाणी साठवायचे नसते, दाब साठवायचा असतो. आत रबराची पिशवी असते. पिशवीत पाणी, बाहेर कोंडलेली हवा. म्हणजे एका अंगाला नीरू, दुसऱ्या अंगाला गाळी! मोटार पाणी ढकलते तशी हवा दबते. मोटार थांबल्यावर तीच हवा पाण्याला नळापर्यंत रेटते. हवेवरचा दाब वाढला की तिचे आकारमान घटते, हा रॉबर्ट बॉईल यांनी १६६२ मध्ये मांडलेला नियम आपण शाळेत घोकला होता. तो असा विहिरीवर भेटतो.

रबर फाटले की हवा पाण्यात मिसळून निघून जाते आणि टाकी पाण्याने गच्च भरते. पाणी दबत नाही, त्यामुळे थोडे पाणी काढले तरी दाब कोसळतो आणि मोटार सुरू होते. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट वीज ओढते. हे दिवसातून शेकडो वेळा झाले तर वाइंडिंग जळणारच.

आता टाकी किती मोठी हवी? समजा स्विच दीड बारला मोटार चालू करतो आणि तीन बारला बंद. २४ लिटरच्या टाकीतून मोटार न लागता जेमतेम ८ लिटर पाणी मिळते. १०० लिटरच्या टाकीतून सुमारे ३४. मोटार एकदा लागली की निदान मिनिटभर चालावी, असा ठोकताळा आहे. मिनिटाला ३० लिटर देणारी मोटार असेल तर २४ लिटरची टाकी तोकडीच. दाजींनी म्हणूनच १०० लिटरची घेतली.

बदलताना क्रम पाळावा. आधी मेन स्विच बंद. मग नळ उघडून दाबाचा काटा शून्यावर आणावा आणि टाकी रिकामी करावी. छोट्या टाकीचे पत्र्याचे अंग चांगले असेल, तर पुष्कळदा तळाची चकती खोलून फक्त रबर बदलता येते. पत्रा गंजला असेल तर नवी टाकीच बरी. ती जोडण्यापूर्वी, रिकामी असतानाच, हवा मोजावी. मोटार चालू होण्याच्या दाबापेक्षा ती ०.२ बारने कमी हवी. म्हणजे दीड बारला १.३. जास्त असेल तर पिन दाबून सोडावी, कमी असेल तर सायकलच्या पंपाने भरावी. सांध्यांना टेफलॉन टेप गुंडाळावी. विजेच्या जोडणीला मात्र वायरमनच बोलवावा.

नंतर दर सहा महिन्यांनी टाकी रिकामी करून हवा तपासावी. दहा मिनिटांचे काम आहे. आणि मोटार वारंवार खटखट करू लागली, तर नवी आणण्याआधी ती पिन एकदा दाबून पाहा. घरातल्या अज्जीच्या हातात पुन्हा दोर देण्यापेक्षा ते कितीतरी सोपे आहे.