नाणें घालून खेळावयाचे खेळ

मुलांनीं खेळावर पैसा खर्चावा कीं नाहीं, हा वाद घरोघर चालतो. न्यूयॉर्क शहरानें असाच एक वाद कित्येक वर्षें चालविला. त्याची हकीकत विद्यार्थ्यांनीं व पालकांनींही ऐकण्यासारखी आहे.

तेथील दुकानांतून व करमणुकीच्या दालनांतून पिनबॉल नांवाचीं यंत्रें असत. कांचेखालीं उतरती पाटी, तींत खिळे व भोकें. नाणें घालून दट्ट्या ओढून सोडला कीं पोलादी गोटी वर जाई आणि घरंगळतांना जेथें आपटेल त्याप्रमाणें गुण मिळत. एकदां गोटी सुटली म्हणजे पेटीस धक्के देण्यापलीकडे खेळणाराच्या हातीं फारसें कांहीं उरत नसे. शाळकरी मुलांचे खाऊचे पैसे हीं यंत्रें लुबाडतात, अशी तक्रार करून नगराध्यक्ष ला ग्वार्डिया यांनीं १९४२ सालीं त्यांवर बंदी घातली व स्वतः घण हातीं घेऊन कांहीं यंत्रें फोडलीं. घणाची गरज नव्हती. पण त्यावेळचा त्यांचा निर्णय आमच्या मतें योग्यच होता. जेथें कौशल्यास वाव नाहीं, तेथें मूल खेळत नसतें, नुसतें दैवाची वाट पाहत असतें.

पुढें १९४७ सालीं शिकागोच्या गॉटलीब कंपनीनें ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रांत सहा लहान पट्ट्या बसविल्या. बटण दाबतांच पट्टी उडे व घरंगळणारी गोटी परत वर जाई. डोळा आणि हात यांस आतां किंमत आली. यंत्र बदललें, बंदी मात्र १९७६ पर्यंत राहिली! त्या वर्षीं रॉजर शार्प नांवाच्या तरुण लेखकानें शहरसमितीपुढें, गोटी कोणत्या वाटेनें जाईल तें आधीं सांगून, ती तशीच घालविली. तेव्हां बंदी उठली. (त्या नेमांत दैवाचाही हात होता, असें त्यानेंच पुढें सांगितलें.)

त्या दालनांत आणखी एक सोय होती. मुठींतील नाणीं संपलीं कीं खेळ संपे. आज भ्रमणध्वनीवरील खेळांत पैसा जातांना दिसतच नाहीं. कित्येकांत तर आंत काय आहे हें उघडल्यावांचून न कळणाऱ्या पेट्या विकत मिळतात. १९४२ ची तक्रार तेथें आम्हांस अक्षरशः लागू वाटते. म्हणून पालकांनीं सरसकट ‘नाहीं’ म्हणण्यापूर्वीं मुलाशेजारीं बसून एक डाव पाहावा. आणि मुलानें, गोटी कोठें जाणार, हें आधीं सांगून दाखवावें.