विकतचे जुनेपण

नवा चामडी कोच मुद्दाम जुनाट करून विकण्याचा व्यवसाय पाश्चात्त्य देशांत केव्हाच रुजला. भारतातील मोठ्या शहरांच्या दुकानांतही आता असा माल दिसतो. गडद रंगाचा, बटणे दाबून खळगे पाडलेला, ‘चेस्टरफील्ड’ धाटणीचा हा कोच पाहिला की, तीन पिढ्यांचे वाचन, गप्पा आणि वामकुक्षी त्यावर झाली असावी, असा भास होतो. प्रत्यक्षात तो नुकताच कारखान्यातून आलेला असतो. फिक्या रंगावर गडद रंगाचा थर चढवावयाचा आणि जेथे हात, पाठ व कोपर टेकावयाचे तेथे तो पुसून काढावयाचा, एवढीच ही युक्ती. कोठे पॉलिश पेपरने घासावे, कोठे तारेचा ब्रश फिरवावा, वरून मेणाचा हात द्यावा, की साठ वर्षांचे आयुष्य एका दुपारी उरकते.

वास्तविक चांगल्या चामड्याला वृद्ध करण्यासाठी कारागीर लागत नाही. ज्या कातड्याचा वरचा नैसर्गिक पापुद्रा शाबूत आहे आणि ज्यावर रंगाचा जाड लेप नाही, ते हातांच्या तेलाने, उजेडाने व वापराने आपोआप गडद आणि तुळतुळीत होत जाते. परंतु असे निर्दोष कातडे थोडे मिळते व महाग पडते. म्हणून काटेरी तारांचे ओरखडे आणि गोचिडांचे डाग असलेली कातडी घासून सपाट करतात, त्यांवर लेप देतात आणि यंत्राने कृत्रिम रवा उठवितात. हा लेप मुरत नाही, कालांतराने तडकतो. म्हणजे जनावराच्या आयुष्याच्या खऱ्या खुणा आधी पुसावयाच्या आणि मग मालकाच्या आयुष्याच्या खोट्या खुणा उमटवावयाच्या, असा हा उद्योग आहे.

यंत्रयुगात हातकामातील ओबडधोबडपणाच प्रतिष्ठेचे लक्षण ठरतो, हे थॉर्स्टाइन व्हेब्लेन याने १८९९ मध्येच दाखवून दिले होते. आता झिजेलाही तोच मान मिळू लागला आहे. मात्र तो सर्वांना मिळत नाही. कारकुनाच्या घरातील वेत उसवलेल्या खुर्चीवर पाहुणे येण्यापूर्वी घाईघाईने चादर टाकली जाते. जोधपूरचे कारखाने नव्या लाकडाला जुन्या हवेलीची कळा आणून ते परदेशी पाठवितात, तेथे त्यास चादर लागत नाही!

श्रीमंतांची हौस म्हणून हे सारे हसण्यावारी नेता आले असते. परंतु घासण्याचे काम कोणी तरी करीत असतो. चामडे घासताना जी धूळ उडते तिला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. हा कर्करोग नाकात आणि त्यालगतच्या पोकळ्यांत होतो. कापडाच्या बाबतीत तर याहून भीषण प्रकार घडून गेला. नव्या जीन्स विटक्या दिसाव्यात म्हणून तुर्कस्तानातील लहान कारखान्यांत त्यांवर दाबाने वाळूचा मारा केला जाई. ती वाळू श्वासावाटे फुफ्फुसांत गेली आणि ऐन विशी-तिशीतील कामगार सिलिकोसिसने मरू लागले. या रोगावर उतार नाही. २००९ मध्ये तुर्कस्तानने ही पद्धत बंद केली. तथापि बांगलादेशात ती त्यानंतरही चालू असल्याचे आढळले.

सरकारने लोकांच्या आवडीनिवडीत लक्ष घालावे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु कोच कोणत्या प्रतीच्या कातड्याचा आहे आणि त्यावर लेप आहे की नाही, हे पावतीवर लिहिण्याची सक्ती करणे अवघड नाही. घासकाम चालते त्या खोलीत धूळ ओढून घेणारा पंखा आहे की नाही, हे पाहणे तर कारखाना निरीक्षकाचे रोजचेच काम आहे. आणि ज्यांना खरोखरच जुना कोच हवा आहे, त्यांच्यासाठी मुंबईच्या चोरबाजारातील मटन स्ट्रीट आहे. तेथील जुन्या सामानाला झीज आणण्यासाठी कोणाला नाकावर रुमाल बांधून बसावे लागत नाही. फार तर स्प्रिंगा बदलाव्या लागतात.