बिनविरोध, पण कोणाच्या संमतीने?

वडोदरा जिल्ह्यातल्या वाघोडियात शेती आहे, औद्योगिक वसाहत आहे, बाहेरगावचे विद्यार्थी आणि कामगारही आहेत. अशा तालुक्यात एखाद्या ग्रामपंचायतीच्या सगळ्या जागा बिनविरोध भरल्या, की ‘एकमत’ नेमके कोणाचे, हे विचारायलाच हवे.

गुजरातने 2001 पासून ‘समरस’, म्हणजे बिनविरोध निवडलेल्या, ग्रामपंचायतींना प्रोत्साहनपर अनुदान देणे सुरू केले. निवडणुकीतली भांडणे टळावीत, खर्च वाचावा, हा हेतू चांगलाच. पण अर्ज माघारीच्या दिवशी दुपारी कार्यालयाबाहेर काय घडते? जाणती मंडळी खांद्यावर हात ठेवून ‘गावासाठी एवढे करा’ म्हणतात. ज्याचे शेत दुसऱ्याच्या विहिरीवर भिजते, तो नाही कसा म्हणणार?

महाराष्ट्राला अशा ‘एकमता’चा कडेलोट ठाऊक आहे. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे सरपंचपदाची बोली लागल्याचे उघड झाले. जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही निवडणुका रद्द केल्या.

1993 मध्ये लागू झालेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने महिला, अनुसूचित जाती आणि जमातींना राखीव जागा दिल्या. मात्र राखीव जागेवर कोण बसणार हे पारावरच ठरले, तर आरक्षण कागदावरच उरते.

हीच गोष्ट गृहनिर्माण सोसायट्यांची आणि गणेशोत्सव मंडळांची. तिथे वर्षानुवर्षे विनामोबदला राबणाऱ्यांबद्दल आदर आहेच. तरीही सभेची सूचना भाडेकरूंच्या, महिलांच्या हाती वेळेत पडावी, नावे सुचवायला मुदत मिळावी आणि एकाही सदस्याने मागणी केली तर गुप्त मतदान व्हावे, असा आमचा आग्रह आहे.