वर्गप्रतिनिधीला उत्तर मिळाले पाहिजे

नवे सत्र सुरू झाले की आठ-पंधरा दिवसांत वर्गप्रतिनिधी ठरतात. पुढे त्यांच्या वाट्याला काय येते? जर्नल गोळा करा, तास रद्द झाल्याचा निरोप व्हॉट्सॲपवर टाका, पाहुण्यांच्या व्याख्यानाला मुले जमवा. वर्गाचे म्हणणे विभागाच्या बैठकीत मांडायचे हे त्यांचे खरे काम, आणि नेमके तेच करायची संधी त्यांना क्वचित मिळते.

महाराष्ट्रात या पदावर वाद झाला तो निवडीच्या पद्धतीचा. १९९४च्या विद्यापीठ कायद्याने निवडणुका थांबल्या आणि आदल्या परीक्षेतील गुण पाहून प्राचार्य प्रतिनिधी नेमू लागले. २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकीचा मार्ग पुन्हा खुला केला. प्रत्यक्षात त्या रखडतच राहिल्या. निवड मतदानाने व्हावी, असेच आमचे मत आहे. पण निवडून आलेल्याला पाठबळ नसेल, तर तोही निरोप्याच होतो.

एक साधे उदाहरण घ्या. पहिला तास साडेसातला, आणि आसपासच्या गावांतून येणारी एसटी पावणेआठला स्टँडवर लागते. हजेरीपटावर ही मुले कायम गैरहजर. सत्राअखेरीच्या अभिप्राय-अर्जात शिक्षकांच्या वक्तशीरपणाचा प्रश्न असतो, एसटीच्या वेळेचा नसतो. ही अडचण वर्गप्रतिनिधीला पहिल्याच आठवड्यात कळलेली असते. ती वेळेत विभागप्रमुखांपर्यंत गेली, तर वेळापत्रकात फेरफार करता येतो.

मग तो बोलत का नाही? कारण ज्यांच्याविषयी बोलायचे, त्यांच्याच हाती अंतर्गत मूल्यमापनाचे गुण असतात. ही भीती खरी आहे, आणि ती दूर करण्याची जबाबदारी आपली आहे. त्या वर्गाला न शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाकडे समन्वयाचे काम द्यावे. इतिवृत्तात मुद्दा वर्गाचा म्हणून नोंदवावा, बोलणाऱ्याचे नाव नको. बैठक कॉलेजच्या वेळेतच व्हावी. दुपारी कामावर जाणाऱ्या मुलाला आणि शेवटची गाडी गाठायची असलेल्या मुलीला एरवी हे पद झेपणार नाही.

दुसरी गरज प्रशिक्षणाची. स्कॉटलंडमध्ये स्पार्क्स ही संस्था २००३पासून विद्यापीठे आणि कॉलेजांतील अभ्यासक्रम-प्रतिनिधींना प्रशिक्षण देत आली आहे. आपल्याकडे दोन तासांच्या कार्यशाळेने सुरुवात करता येईल. ‘सर नीट शिकवत नाहीत’ या वाक्यावर कोणाला काही करता येत नाही. ‘तिसऱ्या घटकातील गणिते वर्गात सोडवली नाहीत’ यावर करता येते. स्वतःचे मत आणि वर्गाचे मत वेगळे ठेवणे, मागच्या बाकावरच्या गप्प मुलांनाही विचारणे, हे सारे शिकवता येते. शिकवल्याशिवाय ते येईल, ही अपेक्षा मात्र अन्यायाची आहे.

तिसरी आणि आमच्या मते सर्वांत मोठी गरज उत्तराची. विद्यार्थी तक्रार निवारण समितीने शक्यतो पंधरा कामकाजी दिवसांत अहवाल द्यावा, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२३चे विनियम सांगतात. रीतसर तक्रारीला ही मुदत असेल, तर साध्या सूचनेने सत्र संपेपर्यंत का ताटकळावे? प्रत्येक मुद्द्यासमोर काय ठरले, कोण करणार आणि कधीपर्यंत, हे लिहून तो कागद वर्गात लावावा. मागणी मान्य होण्यासारखी नसेल तर कारणासह तसे सांगावे. नकार मुले समजून घेतात. उत्तरच आले नाही, तर पुढच्या वेळी ती बोलायची थांबतात.

नॅकच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षावर विद्यार्थी सदस्य असतो. पण त्याच्यापर्यंत वर्गावर्गातून काही पोहोचतच नसेल, तर त्याने बैठकीत मांडायचे काय? प्राचार्य आणि विभागप्रमुखांना आमची कळकळीची विनंती आहे: येत्या विभागीय बैठकीच्या विषयपत्रिकेत वर्गप्रतिनिधींचे निवेदन पहिल्या क्रमांकावर घ्या आणि त्यावरील निर्णय पंधरा दिवसांत वर्गाला कळवा. यासाठी ना वेगळा निधी लागतो, ना शासन निर्णयाची वाट पाहावी लागते.