नोटा बदलून मिळाल्या, हंगाम नाही मिळाला

मालवणजवळ तारकर्लीला आम्ही घराच्या चार खोल्या पर्यटकांना देतो. जेवण घरचंच. पावसाळ्यात समुद्र खवळतो, सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात, तेव्हा आमच्याकडेही कुणी फिरकत नाही. दिवाळीच्या सुट्टीपासून पुढे मे महिन्यापर्यंत जे मिळेल, त्यावर वर्ष काढायचं. २०१६ साली दिवाळी ३० ऑक्टोबरला होती आणि ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. चलनातल्या एकूण रकमेपैकी ८६ टक्के रक्कम याच दोन नोटांत होती.

त्या महिन्यात भारतात आलेल्या परदेशी पर्यटकांची संख्या आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरपेक्षा नऊ टक्क्यांच्या आसपास वाढली, असं सरकारी आकडेवारी सांगते. नोटाबंदीने पर्यटनाचं काही बिघडलं नाही, हे पटवायला हाच आकडा पुढे केला जातो. आकडा खरा आहे. पण तो देशात पाऊल ठेवणाऱ्यांचा आहे आणि त्यातल्या बहुतेकांनी तिकिटं कितीतरी आधी काढलेली असतात. उतरल्यावर हातात पैसे किती होते, हे त्यात दिसत नाही. परदेशी पाहुण्याला आठवड्याला फक्त ५००० रुपये बदलून मिळत होते. आणि आमच्याकडे येतात ती माणसं विमानतळावर मोजली जातच नाहीत. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुण्याहून गाडी काढून येणारी कुटुंबं ती. त्यांनी फोन करून सांगितलं, ताई, एटीएमला रांगा आहेत, या वेळी राहू दे.

जे आले, त्यांच्याही खिशात मोजकेच पैसे. सुरुवातीला एटीएममधून दिवसाला २००० रुपये निघत, तेही मशीनमध्ये नोटा असल्या तर. दोन हजाराची नवी नोट आली, पण तिची मोड द्यायला शंभराच्या नोटा कुणाकडेच नव्हत्या. कार्ड घेणाऱ्या मोठ्या हॉटेलांचं निभावलं. आमच्याकडे मशीन नव्हतं, आणि असतं तरी रेंज कुठे होती?

पाहुण्याने दिलेले पैसे आमच्या घरात थांबत नाहीत. सकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो, तिथे सुरमई-सौंदाळ्याचे पैसे रोख मोजावे लागतात. भाकऱ्या भाजायला येणाऱ्या बाईंना संध्याकाळी मजुरी द्यायची असते. डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होडीवाल्याला डिझेल भरायचं असतं, त्याच्या खलाशाला रोज द्यायचा असतो. कुडाळ स्टेशनवरून पाहुणे आणणारा रिक्षावाला वेगळाच. एका कुटुंबाने बेत रद्द केला की इतक्या घरांतला पैसा थांबतो, आणि यातल्या कुणाचंही नाव पर्यटनाच्या कुठल्या अहवालात नसतं. त्यात १४ नोव्हेंबरला जिल्हा सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. खेड्यापाड्यांत कित्येकांचं एकमेव खातं याच बँकांत. माझ्या ओळखीच्या एका होडीवाल्याने जुन्या नोटा भरायला तालुक्याच्या दुसऱ्या बँकेसमोर दिवस घालवले. ऐन हंगामात होडी किनाऱ्यावर.

बचत खात्यातून पैसे काढण्यावरची शेवटची मर्यादा उठली १३ मार्च २०१७ला. तोवर नाताळ, नवं वर्ष, शाळांच्या सहलींचे दिवस सगळं होऊन गेलं होतं. दुकानदाराचा न विकलेला माल महिन्याभराने विकला जाऊ शकतो. २५ डिसेंबरच्या रात्री रिकामी राहिलेली खोली मला मार्चमध्ये विकता येत नाही. हे नुकसान भरून येणारं नव्हतं, म्हणूनच ते कुणीतरी मोजायला हवं होतं.

काळा पैसा पकडायचा तर गुप्तता हवीच, असं तेव्हा मलाही सांगितलं गेलं. रिझर्व्ह बँकेच्याच २०१८च्या अहवालानुसार रद्द झालेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के रक्कम बँकांत परत आली. मग आमचा हंगाम कशासाठी गेला, हा प्रश्न मी आजही विचारते. आता आमचे पाहुणे मोबाइलवरून पैसे देतात, मासळीवालीकडेही क्यूआर कोड आहे, आणि मला ते सोयीचं वाटतं. पण ही सोय हळूहळू, वापरता वापरता आली. २०१६च्या त्या आठवड्यांत ती आमच्याकडे नव्हती.

मे २०२३मध्ये दोन हजाराची नोट मागे घेतली, तेव्हा ती बदलायला चार महिन्यांहून जास्त मुदत दिली आणि तोवर ती चालेल असंही सांगितलं. तेव्हाही आमचा मे महिन्याचा हंगामच होता. आमच्याकडचं एकही बुकिंग रद्द झालं नाही. पुढे कधी चलनाला हात लावायची वेळ आली, तर मुदत अशी द्यावी, जिल्हा बँकांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावं, आणि पर्यटनाचं काय झालं हे विमानतळावर न मोजता मालवणच्या जेटीवर येऊन मोजावं.