ऑनलाइन वर्गात आमची मुले गप्प का?

2020 च्या टाळेबंदीत महाविद्यालय मोबाईलच्या पडद्यावर आले. टाळेबंदी उठली, पण तो वर्ग पुरता गेलेला नाही. मुक्त विद्यापीठांचे अभ्यासक्रम आहेत, केंद्र सरकारने 2017 साली सुरू केलेले ‘स्वयम्’ आहे. ‘स्वयम्’च्या रचनेत व्याख्यानाची चित्रफीत, वाचनसाहित्य आणि स्वाध्याय यांच्या जोडीला चर्चा हा चौथा भाग धरलेला आहे. म्हणजे सहाध्यायांशी वाद घालणे हा शिक्षणाचाच भाग झाला, फावल्या वेळेचा उद्योग नव्हे. आणि नेमका तिथेच आमचा विद्यार्थी हजेरीपुरता असतो!

कारणे आम्हाला ठाऊक आहेत. घरात फोन एक आणि शिकणारी तिघे. कॅमेरा लावला की मागचा पत्रा दिसतो. इंग्रजीची धास्ती असते. वर्गात मागच्या बाकावर बसून आडनाव झाकता येत होते, इथे ते चेहऱ्याखालीच छापलेले! आणि भीती काही काल्पनिक नाही. एप्रिल 2021 मध्ये आयआयटी खरगपूरच्या ऑनलाइन वर्गात एका प्राध्यापिकेने विद्यार्थ्यांना अर्वाच्य शिवीगाळ केली. तो वर्ग अनुसूचित जाती, जमाती व अपंग विद्यार्थ्यांच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमाचा होता. चित्रफीत बाहेर आली म्हणून देशाने पाहिले आणि निलंबन झाले. चित्रफीत नसती तर त्या मुलांवर कोणी विश्वास ठेवला असता?

म्हणून वकील या नात्याने आम्ही सांगतो, पुरावा जपा. अपमानकारक मजकूर आला तर नाव, तारीख, वेळ दिसेल असे पडद्याचे छायाचित्र घ्या, त्याच दिवशी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम 3(1)(आर) मध्ये अपमान ‘लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी’ व्हावा लागतो. इंटरनेटवर टाकलेला मजकूर पीडित व्यक्ती जेव्हा पाहते तेव्हा ती तिथे हजरच मानली पाहिजे, असे केरळ उच्च न्यायालयाने 2022 मध्ये एका प्रकरणात म्हटले. बंदिस्त वर्गाला हे कसे लागू होईल, ते ज्या त्या प्रकरणाच्या पुराव्यावर ठरेल. पण पुरावाच नसेल तर ठरणार काय?

मात्र अपमानाच्या भीतीने गप्प बसणे आम्हाला मान्य नाही. ‘कास्ट्स इन इंडिया’ हा प्रबंध कुठे जन्मला, हे समाजबांधवांनी आठवावे. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या वर्गातील चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी तो वाचला. सेनार्ट, नेसफील्ड, रिस्ले आणि आपल्याच महाराष्ट्राचे केतकर यांच्या व्याख्या एकेक करून त्यांनी तपासल्या, त्यांतले घेण्याजोगे घेतले, उरलेले खोडले आणि मग आपला सिद्धांत मांडला. शेवटी, माझे म्हणणे टिकत नाही असे दाखवून दिले तर मी ते सोडून देईन, असेही सांगितले. वर्गातल्या चर्चेत कसे बोलावे याचा याहून चांगला धडा कुठला?

आमची मुले ‘सर, मी सहमत आहे’ एवढे लिहून मोकळी होतात. दुसऱ्याचे म्हणणे आधी नीट मांडा, मग त्यातले चूक दाखवा. लेखी चर्चेत तर आम्हाला एक सोय आहे. तिथे मोठ्या आवाजाला किंमत नाही, पुस्तक उघडून कलम पाहायला वेळ मिळतो. मराठी चालत असेल तर बेलाशक मराठीत लिहा. आणखी एक. आरक्षणाचा विषय निघाला की सगळा वर्ग आमच्या मुलाकडे पाहतो, आणि तोही तेवढ्यापुरताच बोलतो. करार कायद्यावर, करप्रणालीवर, पाणीवाटपावर त्याने का बोलू नये? ‘रुपयाचा प्रश्न’ लिहिणाऱ्या बापाची ही लेकरे आहेत!

सवय घरात लागणार नाही, जागा नाही. ती विहारात लावता येईल. रविवारी वंदना झाली की अर्धा तास महाविद्यालयीन मुलामुलींना द्या. पहिल्या रविवारी 1916 चा तो प्रबंधच घ्या. दोघांनी त्याच्या बाजूने लिहावे आणि एकाने आक्षेप घ्यावा. आक्षेप घेणाऱ्याला वडीलधाऱ्यांनी मध्येच थांबवू नये, एवढी काळजी विहार समितीने घ्यावी.