आमचं रक्त नेलं, उत्तर कुठाय?



गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या ठाकरवाडीवर एक जीप आली. शिकलेली पोरं-पोरी होती, बोलायला गोड. पोरांची वजनं केली, दंडाला पट्टी लावली, बायांच्या बोटातून रक्त काढलं. चुलीवर काय शिजतं, किती वेळा शिजतं, तेही लिहून घेतलं. बायांची त्या दिवसाची मजुरी बुडाली. कशासाठी विचारलं तर म्हणाले, संशोधन आहे, रिपोर्ट होईल. झालाही असेल. पण कोणत्या बाईच्या अंगात रक्त कमी निघालं, हे त्या बाईला आजपर्यंत कळलेलं नाही.

आणि ऐका. त्या वाडीत महिनाभर आधी एक बाळ चौथ्या दिवशी गेलं होतं. आई-बाप जुन्नरकडे मजुरीला गेलेले, झोपडीला कडी. जीपवाल्यांनी बंद घर सोडून दिलं. म्हणजे ते बाळ जन्मलंही नाही आणि मेलंही नाही.

आमच्यातले काही साथी म्हणतात, पुढच्या वेळी जीप वेशीवरूनच परत पाठवा. आम्हाला ते पटत नाही. शोध पाहिजे, पण कसा, ते गडचिरोलीत बघा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत जन्म आणि मृत्यू मोजले. हजार बाळं जन्मली तर 62 पहिल्या महिन्यातच जात होती. मग त्यांनी गावातल्याच थोडं शिकलेल्या बायांना आरोग्यदूत केलं. बाळाचा श्वास मोजायचा, वजन करायचं, ऊब द्यायची, जंतुदोष ओळखायचा आणि गरज पडली तर इंजेक्शनसुद्धा द्यायचं, हे शिकवलं. पुष्कळ डॉक्टरांनी नाकं मुरडली. तीन वर्षांत आकडा पंचविसाच्या आसपास आला. डिसेंबर 1999 मध्ये हे विलायतेच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकात छापून आलं. छापण्याच्या आधी पोरं वाचली होती, हे महत्त्वाचं. तिथल्या आदिवासींना विचारूनच दवाखाना बांधला आणि त्याला दंतेश्वरी मातेचं नाव दिलं.

एवढं लांब कशाला, आपल्याच नगर जिल्ह्यात जामखेड आहे. 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी अंगठाबहाद्दर बायांच्या हातात आरोग्याचं काम दिलं. जगभरातून माणसं ते बघायला येतात. पारनेरलाही माणसं येतात, पण राळेगण बघून परत जातात. वनकुट्या-पळशीच्या वाड्यांकडे कोण वळतंय?

"अडाण्यांना आकडे काय कळणार," असं एक साहेब आम्हाला तोंडावर म्हणाले. साहेब, वनखात्याने आमच्यावर दंड ठोकला, त्याच्या पावत्या आमच्या म्हाताऱ्यांनी पत्र्याच्या पेटीत जपल्या. आम्ही ती जमीन पूर्वीपासून कसतो, याचा पुरावा म्हणून त्याच आज कामाला येतात. कागदाची किंमत आम्हाला शिकवू नका. पोर मेल्याची पावती मात्र कुणाच्याच पेटीत नाही. म्हणून सरकार म्हणतं की बालमृत्यू कमी आहेत.

अजून एक. त्या फॉर्मात भाकरीचा रकाना होता, जमिनीचा नव्हता. प्लॉट हिसकावला की माणूस कामाला बाहेर जातो, बाळंतीण भट्टीवर नाहीतर दुसऱ्याच्या बांधावर बाळंत होते, मग डांबीस रोग कुठला आणि भूक कुठली हे कोण निवडणार? रोग मोजणाऱ्याने सात-बाराही बघावा.

तेव्हा इथून पुढे जो कोणी मोजायला येईल त्याने आधी ग्रामसभेत सांगावं, काय मोजणार आणि निघालं तर काय देणार. वाडीतली एक बाई सोबत असेल. आकडा जाण्याआधी वाडीत वाचून दाखवायचा, आपल्या बोलीत. ज्याचं रक्त कमी, त्याला गोळी त्याच आठवड्यात. कडी लागलेलं घर सोडायचं नाही, शेजारणीला विचारायचं.

आणि कुणी येईपर्यंत आपण बसून राहायचं नाही. प्रत्येक वाडीने एक शंभर पानी वही घ्यावी. जन्म, मरण, किती दिवसांचं होतं, घर कुठे कामाला गेलं होतं, प्लॉट आहे का गेला, एवढं लिहायचं. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराला सांगा. दिवाळीनंतरच्या बैठकीला वह्या पारनेरला आणा, तिथे मोठ्याने वाचू.